बी वाळवायलाच हवे का?

टोमॅटो चिरताना अधूनमधून आत पांढरे, बारीक कोंब दिसतात. अति पिकलेल्या किंवा फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेल्या टोमॅटोत असे होते. काहींना त्या अळ्या वाटतात, काहींना कसल्या तरी रसायनाचा परिणाम वाटतो. प्रत्यक्षात फळातल्या बिया फळातच उगवलेल्या असतात. त्या कोणी उन्हात पसरल्या नव्हत्या, राखेत घोळवल्या नव्हत्या, की डब्यात भरून पुढच्या हंगामापर्यंत ठेवल्या नव्हत्या. तरीही त्या उगवल्या.

गच्चीवर किंवा बाल्कनीत चार कुंड्या सांभाळणाऱ्या अनेकांना एक प्रश्न पडतो. फळातून आत्ता काढलेले बी न वाळवता लगेच मातीत टाकले तर चालेल का? थोडक्यात उत्तर असे, की बऱ्याच भाज्यांच्या बाबतीत चालते. वाळवणे ही बी साठवण्याची अट आहे, उगवण्याची नव्हे. उगवण्याच्या अटी वेगळ्या आहेत. बी पूर्ण पिकलेले हवे, त्याची झोप संपलेली हवी आणि त्याचे आईबाप कोण हे ठाऊक हवे. यातली शेवटची अट भोपळ्याच्या कुळातल्या भाज्यांत थेट आपल्या आरोग्याशी जोडलेली आहे. म्हणूनच आरोग्याच्या सदरात आज बियाण्याचा विषय घेतला आहे.

वाळवणे म्हणजे थांबवणे

पिकलेल्या टोमॅटोतून नुकत्याच काढलेल्या बीच्या वजनात जवळपास निम्मा वाटा पाण्याचा असतो. असे बी जिवंत असते आणि श्वासही घेत असते. साठवलेले अन्न ते हळूहळू जाळते, उष्णता बाहेर टाकते. ओले बी डबीत बंद करून ठेवले तर काही दिवसांत एक तर ते उगवते, नाही तर बुरशी धरते. वाळवल्यावर मात्र या हालचाली जवळजवळ थांबतात. हवाबंद पाकिटात येणारे भाजीपाल्याचे बी साधारण सहा ते आठ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलेले असते.

अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासाठी एक ढोबळ नियम सांगितला आहे. बीतला ओलावा पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने कमी केला, की बी टिकण्याचा काळ दुप्पट होतो. म्हणजे तेरा टक्के ओलाव्याचे बी दहा टक्क्यांवर आणले, तर ते अंदाजे आठपट काळ टिकते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले तरी काळ पुन्हा दुप्पट होतो. चांगले वाळवलेले बी फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे का टिकते, ते यावरून कळते.

पण पाणी काढून घेतल्यावर पेशी मरत कशा नाहीत? बी पिकत असताना त्यात विशिष्ट शर्करा आणि संरक्षक प्रथिने साठतात. पाणी जाते तसा पेशीतला द्रव काचेसारखा घट्ट होतो. नाजूक रचना त्या काचेत जशाच्या तशा जपल्या जातात. आम्हा डॉक्टरांना हे तत्त्व लसींमुळे परिचित आहे. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि तशी असते म्हणूनच टिकते. द्रावक मिसळला, की ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. पुन्हा सुकवून ठेवायची सोय नसते. बीचेही असेच आहे. भिजून मूळ बाहेर आले, की वाळणे सोसण्याची त्याची ताकद संपते. त्यामुळे मोड आलेले बी 'पुन्हा वाळवून ठेवू' असे म्हणता येत नाही. ते पेरायचे किंवा सोडून द्यायचे.

फळातले ब्रेक

बिया एवढ्या ओल्या असतात, तर प्रत्येक टोमॅटोत कोंब का दिसत नाहीत? कारण फळाने ब्रेक लावलेले असतात. एक ब्रेक म्हणजे बीभोवतीचा बुळबुळीत थर आणि फळाचा रस. त्यात विरघळलेल्या पदार्थांमुळे बीला पुरेसे पाणी ओढून घेता येत नाही. दुसरा ब्रेक अ‍ॅब्सिसिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाचा. ते बीला 'अजून थांब' असा निरोप देते. टोमॅटोच्या काही उत्परिवर्तित वाणांत हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. त्यांच्या बिया फळातच उगवण्याची शक्यता जास्त असते.

याच्या उलट काम जिबरेलिन हे संप्रेरक करते. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. त्या रोगात रोपे वेड्यासारखी उंच वाढतात आणि कोलमडतात. जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले, की बुरशीने सोडलेल्या एका पदार्थामुळे हे घडते. पुढे वनस्पती स्वतःही तसाच पदार्थ बनवतात असे लक्षात आले. बी झोपून राहणार की उठणार, हे बहुतांशी या दोन संप्रेरकांच्या तोलावर ठरते.

टोमॅटोचे बी धुऊन तो बुळबुळीत थर काढला, की मोठा अडसर दूर होतो आणि न वाळवताही ते उगवू शकते. वांगी, मिरची आणि काकडीच्या ताज्या बियांना मात्र अनेकदा काही आठवड्यांची झोप असते. त्या लगेच पेरल्या तर थोड्याच उगवतात किंवा उशिरा उगवतात. अशा वेळी बी 'मेलेले' नसते. ते कोरडे ठेवले, की काळच ती झोप उतरवतो. 'वाळवल्याशिवाय बी उगवत नाही' हा समज बहुधा इथूनच आला असावा. वाळवण्यात आणि ठेवण्यात जे आठवडे गेले, त्यांचे श्रेय उन्हाला मिळाले.

झोप असण्या-नसण्याचा फरक शेतकऱ्यांना भुईमुगात चांगला दिसतो. उपट्या भुईमुगाच्या दाण्याला जवळपास झोपच नसते. काढणीच्या वेळी पाऊस लांबला, तर शेंगा जमिनीतच उगवू लागतात. पसऱ्या जातींचा दाणा मात्र काही आठवडे निवांत पडून राहतो. काढणीला आलेल्या मुगाच्या शेंगा पावसात सापडल्या, की शेंगेतच मोड येतात, तेही याच कारणाने. निसर्गाने बिनझोपेचे बी 'वाळल्यावरच उगव' असे बांधून ठेवलेले नाही.

भाजीसाठी तोडलेले फळ, बीसाठी कच्चे

घरचे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा वाळवण्यामुळे किंवा न वाळवण्यामुळे नव्हे. बीच कोवळे असते. आपण खातो त्या कितीतरी भाज्या म्हणजे अपक्व फळे आहेत. काकडी, दुधी, दोडका, वांगे, भेंडी, गवार, हिरवी ढोबळी मिरची ही सगळी आपण बी तयार होण्याच्या आतच तोडतो, कारण बी पक्के झाले की भाजी जून होते. स्वयंपाकघरातल्या काकडीचे बी म्हणजे दिवस पूर्ण न भरलेले बाळ. ते पेरा किंवा वाळवा, हाती फारसे लागत नाही. उलट लाल टोमॅटो, पिकलेला लाल भोपळा, पिकून लाल झालेली मिरची, पिवळे-केशरी होऊन फुटलेले कारले यांतले बी तयार असते.

बी वाढताना आधी त्यात उगवण्याची क्षमता येते आणि साधारणपणे त्यानंतर वाळणे सोसण्याची. त्यामुळे अर्धवट पिकलेले बी घाईने कडक वाळवले तर ते मरू शकते. मात्र सगळ्याच वनस्पतींना एक नियम लागू होत नाही. १९८० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी एरंडावर प्रयोग केले. वाढीच्या मधल्या टप्प्यातले बी फळातून काढून ओलेच ठेवले तर ते उगवत नव्हते. तेच बी वाळवून पुन्हा भिजवले, की उगवत होते. तिथे वाळणे हा 'वाढ संपली, आता उगवण सुरू' असा इशारा ठरला. म्हणजे वाळवण्याचा उगवणीशी काहीच संबंध नाही, असेही म्हणता येत नाही. पण पूर्ण पिकलेल्या टोमॅटोला किंवा भोपळ्याला तो इशारा लागत नाही.

भेंडी, गवार, वाल, वाटाणा यांचे बी शेंगेतच, झाडावरच वाळते. त्यामुळे 'न वाळवता पेरू का' हा प्रश्न मुख्यतः गरदार फळांच्या भाज्यांचा आहे. भेंडीत तर अति वाळलेल्या बीचे टरफल पाणी लवकर आत शिरू देत नाही. म्हणून पेरण्याआधी ते रात्रभर भिजत घालतात.

विश्रांतीचा समज आणि गहू

काढलेल्या बियांना पुन्हा पेरण्याआधी विश्रांती हवीच, असा समज एकेकाळी कृषिशास्त्रज्ञांमध्येही होता. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत गव्हावर काम करायला गेले. नवे वाण लवकर तयार व्हावेत म्हणून त्यांनी वर्षात दोन पिढ्या घेण्याचे ठरवले. हिवाळ्यात सोनोरातील याकी खोऱ्यात पेरायचे आणि काढलेले बी लगेच उन्हाळ्यात तोलुकाजवळच्या उंच पठारावर न्यायचे. त्यांचे वरिष्ठ जॉर्ज हरार यांचा याला विरोध होता. प्रकरण बोरलॉग यांच्या राजीनाम्यापर्यंत गेले. अखेर त्यांचे गुरू एल्विन स्टॅकमन यांच्या मध्यस्थीने परवानगी मिळाली. बी लगेच पेरले आणि ते उगवले.

गव्हाचा दाणा ओंबीतच वाळतो. त्यामुळे तिथे वाद वाळवण्याचा नव्हता, विश्रांतीचा होता. पण तो समज मोडल्यामुळे वाण तयार होण्याचा काळ निम्म्यावर आला. शिवाय दोन वेगळ्या हवामानांत वाढलेले हे वाण दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा न करणारे निघाले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले, ते याच कामाचे फळ होते. आता ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी विकसित केलेल्या 'स्पीड ब्रीडिंग' पद्धतीत रोपांना दिवसाचे २२ तास उजेड देतात. तिच्याविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार गहू आणि हरभऱ्याच्या वर्षात सहापर्यंत पिढ्या घेता येतात.

वाळवले तर मरणाऱ्या बिया

काही बियांना वाळवणेच घातक असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट पाडले. वाळणे सोसणाऱ्या त्या 'ऑर्थोडॉक्स' आणि न सोसणाऱ्या त्या 'रिकॅल्सिट्रंट', म्हणजे हट्टी. आपल्याकडचा आंबा आणि फणस या हट्टी गटातले. कोय किंवा आठळी महिनोन् महिने वाळवत ठेवली, की ती गेली. परसातल्या कढीपत्त्याचे बीही फार काळ टिकत नाही. पिकलेले काळे फळ काढून, गर धुऊन, ताजेच पेरावे. चायोट नावाच्या वेलभाजीचे तर फळच अख्खे लावतात, कारण त्यातले एकुलते एक बी फळात असतानाच उगवू लागते. रोजच्या भाज्यांपैकी बहुतेकींचे बी मात्र ऑर्थोडॉक्स गटात येते. ते ताजेही पेरता येते आणि वाळवूनही ठेवता येते.

घरी करायचे तर

पूर्ण पिकलेल्या टोमॅटोचे बी रसासह वाटीत काढा. थोडे पाणी घाला आणि वाटी एक-दोन दिवस झाकून ठेवा. वर फेस किंवा पातळ साय दिसली, की ढवळून तरंगणारा गाळ ओतून द्या आणि बी गाळणीत चोळून धुवा. या आंबवण्याने बुळबुळीत थर जातो आणि बीवरून पसरणारे काही जिवाणूही कमी होतात. आपल्या उन्हाळ्यात मुदत वाढवू नका, नाही तर बी वाटीतच उगवेल. लाल भोपळा आणि पिकलेल्या कारल्याचे बी गर काढून, धुऊन लगेच पेरता येते.

ओले बी थंड, चिकट मातीत कुजते. माती भुसभुशीत आणि निचऱ्याची घ्या. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवरच पेरा. पाणी शिंपडून द्या, साचू देऊ नका. मिरचीचे ताजे बी काढताना हातमोजे घाला. तो हात डोळ्याला लागला तर आग पाण्याने लवकर शमत नाही.

सगळेच बी लगेच संपवू नका. निम्मे पेरा आणि निम्मे वाळवा. हंगाम चुकला, बुरशी लागली, मुंग्यांनी नेले, तरी हाती काही राहते. ऋतू अनुकूल नसेल, तर सगळेच वाळवून ठेवणे शहाणपणाचे. बी सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून वाळवा. तव्यावर, ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीच नको. भोपळ्याचे बी वाकवल्यावर न लवता मोडले, तर ते नीट वाळले असे समजा. मग हवाबंद बरणी आणि फ्रिजचा खालचा कप्पा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शेकडो गावरान वाण जपले, त्यासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्या-पणज्यांची राख, गाडगे आणि कोरडी जागा हीच सामग्री होती. तिच्यामागचे तत्त्वही ओलावा दूर ठेवण्याचेच.

दुकानातल्या पाकिटातले गुलाबी, निळे बी बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. पेरून उरले म्हणून ते भाजून खाऊ नका, कोंबड्यांना घालू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ताजे बी, जुने वीष

आता आईबापांचा मुद्दा. बाजारातले बरेच टोमॅटो, ढोबळी मिरच्या आणि काकड्या संकरित असतात. त्यांच्या बीची रोपे आईसारखी निघतीलच असे नाही. टोमॅटोत याचा अर्थ फळ लहान किंवा आंबट निघेल, एवढाच. दुधी, काकडी, दोडका, भोपळा या कुळात मात्र प्रश्न चवीपुरता राहत नाही.

या कुळातल्या रानटी जातींत कुकरबिटासिन नावाची अत्यंत कडू, विषारी द्रव्ये असतात. माणसाने शतकानुशतके निवड करून ती भाजीतून काढली, पण रानटी नातेवाईक आजूबाजूला आहेतच. मिरजेचे तंबोरे ज्या भोपळ्यांपासून घडवतात, ते पंढरपूरच्या परिसरात पिकणारे कडू भोपळे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दुधीच्याच जातीचे आहेत. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. कीटकांनी कडू वेलाचे पराग आणून टाकले, तरी त्या फळाचा गर गोडच राहतो, कारण गर आईचा असतो. आत दडलेल्या गर्भात मात्र निम्मा वाटा बापाचा. म्हणजे गोड दुधीचे बी पेरले आणि वेल कडू निघाला, असे होऊ शकते. बी ताजे पेरले, वाळवून पेरले, राखेत ठेवून पेरले, तरी यात फरक पडत नाही. पाण्याचा ताण आणि तीव्र उष्णता यांनीही कडूपणा वाढू शकतो.

२०१० च्या सुमारास देशात दुधीचा कडू रस प्यायल्याने मृत्यू झाल्याच्या घटना पुढे आल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीने सांगितले ते सोपे आहे. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू असेल तर दुधी टाकून द्या. दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. प्यायल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा अस्वस्थता वाटली, तर लगेच रुग्णालय गाठा. फ्रान्समधील एका त्वचारोगतज्ज्ञाने २०१८ मध्ये दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. भोपळावर्गातली कडू भाजी खाल्ल्यानंतर त्यांना आधी उलट्या झाल्या आणि काही आठवड्यांत त्यांचे केस मोठ्या प्रमाणावर गळले.

कडू रसानंतर काही मिनिटांत किंवा तासांत पोटात कळा, सतत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कधी उलटीतून रक्त पडते आणि रक्तदाब घसरतो. या विषावर उतारा नाही. शिरेतून द्रव देणे, रक्तदाब सावरणे, लक्ष ठेवणे एवढेच आमच्या हाती असते, आणि रुग्ण जितका लवकर येईल तितके ते उपयोगी पडते. 'औषध कडूच असते' असे म्हणून प्याला संपवणारा माणूस विनाकारण धोका ओढवून घेतो. काकडीची टोके कापून चोळण्याची सवय चांगली असली, तरी खूप कडू फळ तेवढ्याने सुरक्षित होत नाही. शिजवूनही हे वीष जात नाही. कारल्याचा नेहमीचा कडूपणा ही वेगळी गोष्ट. इथे प्रश्न आहे तो कडू नसायला हव्यात, अशा भाज्यांचा.

घरचे बी पेरू नये, असा याचा अर्थ नाही. या कुळाचे बी धरायचे असेल, तर उमलण्याआधी एक मादी कळी आणि त्याच वाणाची एक नर कळी दोऱ्याने बांधा. उमलण्याच्या वेळी हाताने परागण करा आणि मादी फूल पुन्हा झाका. त्या फळाला खूण करून ते वेलावर पूर्ण पिकू द्या. एवढे जमत नसेल, तर दुधी-काकडीचे बी खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि घरचे प्रयोग टोमॅटो, वाल, भेंडीवर करा. वेल घरचा असो की शेजारचा, प्रत्येक दुधीचा आणि काकडीचा नखाएवढा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा, फळ टाकून द्या आणि त्या वेलाचे बी पुढे ठेवू नका.